हाताची मरळ

"माशाच्या अंगावर जखम नको," असं सर म्हणाले आणि मी ते जसंच्या तसं घरी येऊन सांगितलं. पुढं जे झालं ते एवढ्याशा निरोपातून झालं. गळाला लागलेल्या माशाचा जबडा फाटतो, जाळ्यात अडकलेल्याचे खवले उडतात, आणि असा मासा काचेच्या हौदात ठेवला की दोन-चार दिवसांत त्याच्या जखमेवर बुरशी चढते. प्रयोगाला तो चालत नाही. मी तेव्हा लातूरला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, प्राणिशास्त्राच्या. पाण्यात शिसं, कॅडमियम असले जड धातू उतरले तर गोड्या पाण्यातल्या माशाच्या तब्येतीचं काय होतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. विषय सरांनी दिला, मासा मी निवडला. मरळ. कारण मरळ आमच्या दारात होती. वडील मासे धरायचे, आई विकायची. भोयाच्या घरात जन्मून माशावर शिकणारी वस्तीतली मी पहिली, आणि नुसत्या पदवीचं म्हणाल तर सगळ्या भावकीत पहिली. हे मी निवृत्त झाल्यावरही लोकांना सांगत असते. ऐकणारे कंटाळतात. कंटाळू देत.

आमची वस्ती नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचा मांडव. मांडवाच्या आड्याला आबांचं, म्हणजे वडिलांचं, फेकायचं जाळं टांगलेलं असे आणि जाळ्याच्या घेराला ओवलेले शिशाचे मणी वाऱ्यानं एकमेकांवर आपटत. तो बारीक किणकिण आवाज आमच्या घराचा आवाज. मी पाढे त्याच आवाजात पाठ केले, पुढं माशाच्या हाडांची नावंही. मणी आबा घरीच ओतायचे. चुलीवर जुन्या पळीत शिसं वितळवायचं, मातीच्या साच्यात सोडायचं, गार झालं की दोरीवर चढवून दातानं दाबून घट्ट करायचं. दातानं. पाचवी-सहावीत असताना मीही दाबलेत. आबांचे दात हलायला लागले होते आणि माझे नवे होते. पुढं आयुष्यभर मी वर्गात शिशाचे दुष्परिणाम शिकवले, आणि दर वर्षी तो धडा आला की फळ्याकडं तोंड करून उभी असताना माझी जीभ आपोआप दातांवरून फिरायची.

माय, म्हणजे माझी आई, बाजारात टोपलं घेऊन बसायची. मासे घेणारी बाई आधी भाव विचारत नाही, आधी कल्ला उचलून बघते. आत लालभडक असलं तर मासा ताजा. फिकट असलं, बोटाला बुळबुळीत लागलं, तर ती तोंड वाकडं करून पुढच्या टोपल्याकडं जाते. असे नाकारलेले मासे संध्याकाळी घरी परत यायचे आणि आमच्या ताटात पडायचे. त्याचं आम्हाला काही वाटत नसे. माय येसराचा मसाला लावून, चिंचेचा कोळ टाकून असं कालवण करायची की मासा कालचा का आजचा हे जिभेला कळू नये. पावसाळ्याच्या तोंडी झिंगे आले तर अंबाडीच्या भाजीत टाकून. सोबत ज्वारीची भाकरी, कडक, काठ करपलेली. कुठला तुकडा कुणाच्या ताटात हे ठरलेलं होतं. शेपटीकडचा आबांना, मधला दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. मुंडकं आणि कलेजी घरात जी बाई पोटुशी असेल तिला. मायला तिच्या सासूनं तसंच वाढलं होतं. त्या वर्षी दादाच्या बायकोला, सुमनवहिनीला, दिवस गेले होते. पहिलंच बाळंतपण.

तर मी निरोप सांगितला तेव्हा आबा मांडवात तंबाखू मळत बसले होते.

"जखम नको म्हंजी गळ नको, जाळंबी नको," आबा म्हणाले.

"हाव."

"मंग हातानंच धराव लागतंय."

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "हात कुठं राहिलेत आता. परवा भरलेली घागर सुटली."

"घागर येगळी, मासा येगळा."

"हाव, घागर पळत न्हाई."

वहिनी पदरात तोंड लपवून हसली. आबाही हसले, पण मला ते हसणं आवडलं नाही, कारण मला आबांच्या हाताचं माहीत होतं. तरुणपणी ते हातानं मरळ धरणारे म्हणून आसपासच्या गावांत माहीत होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कमरेएवढ्या डोहात उभं राहायचं, काठाखालच्या कपारीत हात घालायचा आणि चिखलात बसलेल्या मरळीच्या पोटाखालून बोटं सरकवायची. दाबायचं नाही. दाबली की गेली. मनगटाएवढी जाड, तेल लावल्यासारखी गुळगुळीत, आणि एका फटक्यात हात झटकून टाकील इतकी ताकद. लोक काठावर बसून बघायचे म्हणे. मी जन्मले तोवर ते बंद होत आलं होतं. मी कॉलेजात गेले तोवर हाताला कंप सुटला होता आणि आबा त्याविषयी बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते डबा घेऊन आले. सहा मरळी. मी एकेक उलटसुलट करून बघितली, कुठं ओरखडा नाही, खवला उडालेला नाही. आबा भिंतीला टेकून बसले, दोन्ही पंजे मांडीवर उताणे ठेवले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. मग मायला म्हणाले, "रुक्मे, हात परत आला बघ."

मायनं त्या दिवशी आबांना भाकरीवर तेल जरा जास्त वाढलं.

मासे धरले होते नाल्याच्या डोहातून. शहराच्या कडेनं येणारा एक नाला आमच्या वस्तीच्या वर नदीला मिळतो, आणि मिळतो तिथं पाणी खोल होऊन डोह झाला आहे. नाल्याच्या काठाला वर लोखंडी सामानाला चकचकीत मुलामा चढवणाऱ्या शेडा होत्या, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणारे होते, आणखी कोण कोण होते. नाल्याचं पाणी कधी हिरवट यायचं, कधी त्यावर रंगीत तवंग. आम्हाला त्यात शिकण्यासारखं काही वाटलं नव्हतं. नाला म्हटलं की घाण आलीच. खरं सांगायचं तर मी जड धातूंवर प्रबंध लिहायला घेतला होता, पुस्तकातली सगळी नावं मला पाठ होती, आणि तरी मी एकदाही आबांना विचारलं नाही की मासे नदीच्या कुठल्या जागेवरून आणले. प्रयोगात धातू मी घालणार होते, बाटलीतून, मोजून. तो आमच्या डोहात आधीच असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

डब्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधून मी एस.टी.त बसले. मरळ हवा घेऊन जगते म्हणून हा प्रवास तिला झेपतो, दुसरा मासा वाटेतल्या लोह्यापर्यंतही टिकला नसता. कंडक्टर डब्यापाशी थांबला.

"ताई, आत काय हाय?"

"मासे."

"जित्ते?"

"हाव."

"कुठं नेऊन राहिल्या?"

"लातूरला, कॉलेजात."

तो मागच्या लोकांकडं वळून म्हणाला, "बघा. मासेबी कॉलेजात निघाले, अन् आमचा मेव्हणा धाव्वीतून हलंना."

सगळी गाडी हसली. मीही हसले. अहमदपूरपर्यंत दर खड्ड्याला मागून कुणीतरी विचारायचं, "पास झाले का हो मासे?" मला त्या प्रवासात जेवढा अभिमान वाटत होता तेवढा पदवीच्या कागदाचाही वाटला नव्हता. आबांनी धरलेला मासा आणि माझी विद्या एकाच गाडीत होती.

प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला सहा काचेचे हौद होते. रीत अशी की मासे आधी पंधरा दिवस नुसत्या स्वच्छ पाण्यात ठेवायचे, रुळू द्यायचे. मग निम्म्या हौदांत धातूचा क्षार सोडायचा आणि निम्मे तसेच ठेवायचे, म्हणजे बिघडलेल्या माशाशेजारी धड मासा ठेवून फरक बघता येतो. घड्याळ लावून एका मिनिटात कल्ल्याची झाकणी किती वेळा हलते ते मोजायचं. धातूच्या पाण्यातला मासा आधी बेचैन होतो, सारखा वर येतो, अंगावर आणि कल्ल्यांत चिकट स्राव सोडतो, तोल जाऊन कलंडतो, खाणं टाकतो. हे पुस्तकात होतं आणि ते मी धातू टाकल्यावर बघायचं होतं. मला ते धातू टाकायच्या आधीच दिसायला लागलं.

मरळ वर येऊन हवा घेतेच, तिची रीतच ती, पण अशी सारखी नाही. दोन मासे पहिल्या आठवड्यात मेले. मला वाटलं नळाच्या पाण्यातलं औषध लागलं असेल. पाणी चार-चार दिवस उघडं ठेवून वापरलं. मग वाटलं खाणं मानवत नसेल, तर गांडुळं आणून घातली. आमचे प्रयोगशाळेतले शिपाई, लक्ष्मणमामा, मुखेडकडचे. ते हौदांत वाकून म्हणाले, "बाई, हे मासे पेशंट हायत."

"नवी जागा आहे मामा. रुळतील."

"मी बेडूकबी बघितले, सरडेबी बघितले. नवी जागा असली की जनावर पळतं. हे पडून राहिलेत."

मी घरी चिठ्ठी पाठवून आणखी मासे मागवले. आबांनी आणखी सहा धरले, मग आणखी सहा. दर वेळी हातानं. मी न्यायला जायची तेव्हा घरात जरा सणासारखं असायचं. वस्तीतले म्हातारे मांडवात येऊन बसायचे आणि आबांच्या पंजाकडं बघायचे. "काय खाऊन राहिलास बाप्पा," एकजण म्हणाला, "या वयात हात फिरला." आबा म्हणायचे, "लेकीचं काम हाय म्हणून नदी देऊन राहिली." त्यांचा कंप गेला नव्हता. पितळीत पाणी पिताना पितळी वाजायची. पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं, माझंही.

तिसऱ्या खेपेतला एक मासा कापून मी कल्ल्यांचा पातळ काप काचपट्टीवर घेतला, रंग दिला आणि सरांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. धड माशाचे कल्ले फणीसारखे दिसतात, दात सुटे सुटे, मधून पाणी जायला वाट. या फणीचे दात सुजून एकमेकांना चिकटले होते.

सर बराच वेळ बघत राहिले. "चांगली पट्टी झाली. धातूच्या हौदातला ना हा?"

"नाही सर, साध्या पाण्यातला. धातू अजून टाकलाच नाही."

"लेबल बघ पुन्हा."

मी बघितलं. लेबल बरोबर होतं.

"म्हणजे येतानाच असे आलेत," सर म्हणाले. "कुठून आणतेस?"

"वडील धरतात. हातानं."

सरांनी डोळा वर उचलला. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मरळ? हातानं? अठरा?"

त्यांनी पुढं काही म्हणायची गरज नव्हती. आबांचा हात परत आला नव्हता. माशांची ताकद गेली होती.

आमच्या कॉलेजात धातू मोजायचं यंत्र नव्हतं. सरांनी ओळखीतून तीन माशांचे कल्ले, कलेजी, मूत्रपिंडं आणि मांस मोठ्या ठिकाणी पाठवलं. तिकडून कागद आला: शिसं आहे, कॅडमियम आहे. मांसात त्या मानानं कमी, कलेजी आणि मूत्रपिंडांत जास्त. सर म्हणाले, "प्रयोगासाठी हे मासे बाद. लक्ष्मणला सांगू, त्याच्या गावच्या पाझर तलावातून सापळ्यानं धरून आणील. आणि तू घरी जाऊन सांग. हे काम आधी कर."

मी घरी गेले. सांगायलाच गेले होते. मांडवात जाळं किणकिणत होतं, आबा दारात बसून वस्तीतल्या दोघांना बोटं कपारीत कशी सरकवायची ते हवेत करून दाखवत होते. मायनं मरळीचं कालवण केलं होतं, डोहातल्याच. येसराचा वास दारापर्यंत आला होता. पंगत बसली. मायनं मुंडकं आणि कलेजी उचलून वहिनीच्या ताटात ठेवली. "खा, पोराचे डोळे चांगले व्हतेत." वहिनीला सातवा संपत आला होता. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला देऊ का थोडी, वन्सं? तिकडं खानावळीत कुठलं मिळतंय."

मी म्हणाले, "नको, तुम्हीच खा."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीच खा. मग मी माझ्या ताटातला मासाही खाल्ला, कारण नाही खाल्ला असता तर मायनं कारण विचारलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेले. गाडीत स्वतःला समजावत होते की एवढ्या-तेवढ्यानं काय होणार, आम्ही सगळे त्याच डोहावर वाढलो, मी तर एम.एस्सी.पर्यंत पोचले. विद्या माणसाला खोटी कारणं शोधायलाही मदत करते.

मी पुढं मासे मागवले नाहीत. चिठ्ठी नाही, जाणं नाही. मुखेडकडच्या तलावातल्या मरळी आल्या, हौदांत घातल्या, आणि मी पहिल्यांदा धड मासा बघितला. झाकणावर दगड ठेवावा लागायचा, नाहीतर उडून फरशीवर. काम मार्गी लागलं. असा महिना गेला आणि एके दिवशी दुपारी लक्ष्मणमामा दारातून म्हणाले, "बाई, पाव्हणं आलेत. डबा घेऊन."

आबा बाहेरच्या नळावर पाय धूत होते. ते लातूरला पहिल्यांदाच आले होते. चपला त्यांनी पार पायऱ्यांखाली काढल्या होत्या. "मागवणं बंद झालं," ते म्हणाले, "म्हनलं पोरीला संकोच वाटून राहिला आसंल. म्हणून मीच आणले. आठ हायत."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्या बापासाठी कुणी शिकलेला माणूस उठून उभा राहिलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. आबांना बसवत नव्हतं, ते हौदांपाशी जाऊन वाकून बघायला लागले. एका हौदाशी थांबले.

"ही कुठली?"

"आमच्याकडची," लक्ष्मणमामा म्हणाले. "मुखेडकडच्या तलावातली."

"धरून बघू का, सर?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. सर म्हणाले, "बघा."

आबांनी बाही वर सरकवली आणि हात पाण्यात सोडला, सावकाश, मासा दचकणार नाही असा. बोटं पोटाखाली गेली. पाणी उडालं, सरांच्या शर्टावर शिंतोडे आले, मासा दुसऱ्या कोपऱ्यात. आबा हसले. "पाणी वळखीचं न्हाई." परत हात घातला. परत गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मासा हाताला फटका मारून निघून गेला आणि आबांचा हात तसाच पाण्यात राहिला, थरथरत. पाण्यावर त्या थरथरीचे बारीक गोल उमटत होते.

मग ते आपल्या डब्यापाशी आले, फडकं सोडलं आणि आत हात घातला. मरळ वर आली, तळव्यावर आडवी. नुसती पडून राहिली. आबांनी अंगठ्यानं तिचा कल्ला उचलला, बाजारातली बाई उचलते तसा. आत फिकट, बुळबुळीत. त्यांनी आयुष्यभर मासे धरले होते, पण धरणारा कल्ला बघत नाही, ते घेणाऱ्याचं काम. त्यांनी मासा परत पाण्यात ठेवला, हलकेच.

"ही आजारी हाय," ते म्हणाले. "पाण्यानं?"

"पाण्यातल्या धातूंनी," सर म्हणाले. "शिसं आहे, अजूनही काही आहे."

"शिसं तर बुडाशी बसतं सर. आमच्या जाळ्याला लावतो आम्ही."

"बसतं. मरळही बुडाशीच बसते."

आबांनी मान डोलावली. सरांना एवढंच म्हणाले, "हे आठ ठिऊन घ्या. पोरीला लागले तर लागले."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. चहा घेतला, तो त्यांनी प्याला नाही, बशीत गार झाला. नांदेडची गाडी लागायची होती.

"खाणाऱ्याला काय होतं?"

"लगेच काही होत नाही आबा. आत साठत जातं. लहान लेकराला जास्त बाधतं."

"तुला कधीपासून म्हाईत हाय?"

"महिना झाला."

ते थोडा वेळ हिशेब लावत होते. "म्हंजी मागल्या खेपेला आलतीस तवा म्हाईत व्हतं. सुमनला कलेजी वाढली तुझ्या मायनं. तू म्होरं बसलीवतीस."

"हाव."

"मला वाईट वाटंल म्हणून?"

"हाव."

"माझ्या वाईट वाटण्यापायी," आबा म्हणाले, आणि तेवढ्यात गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले, आणि गाडी सुटेपर्यंत दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून ठेवले होते. त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते.

पंधरा दिवसांनी मी गेले. वहिनीच्या ताटातली कलेजी बंद झाली होती. माय माझ्याशी नीट बोलत नव्हती. "तुला याच डोहातलं खाऊ घालून वाढवली," ती एकदाच म्हणाली, "तवा कोण सांगाया आलतं?" आबांनी डोह सोडला होता. वरचा पट्टा दुसऱ्यांच्या ठेक्यात, खाली पाणी उथळ, म्हणून जाळं बहुतेक दिवस मांडवातच किणकिणायचं. वस्तीतल्या बाकीच्यांनी डोह सोडला नाही. "पोरगी शिकली अन् बापाचा डोह बाटवला," असं माझ्या कानावर यायचं, कधी तोंडावरही. मी कचेरीत अर्ज दिला, नाल्याचं पाणी तपासा म्हणून. त्यावर शिक्का मिळाला. असे अर्ज मी पुढंही केले, नोकरीत असताना आणि निवृत्त झाल्यावरही. शिक्के आहेत माझ्याकडं. परवा नांदेडला गेले तेव्हा नाल्यावरून रिक्षा गेली, आणि मी नाकाला पदर लावला नाही, मला तो वास येईनासा झालाय. जे मासे मायच्या टोपल्यातून त्या वर्षी घराघरांत गेले त्यांचं मी काय करणार होते? ती घरं मला माहीतही नाहीत.

त्याच मुक्कामात आबा बाजारातून मासा घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धरणातला रोहू. भोयाच्या घरात कागदातला मासा. शेजारची म्हातारी दारात येऊन बघून गेली. मायनं कागद सोडला, क्षणभर तशीच बसली आणि मग अंगठ्यानं कल्ला उचलला. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांना उचलू दिला होता. "ताजा हाय," ती कुणाकडंच न बघता म्हणाली, आणि कलेजी काढून वहिनीसाठी बाजूला ठेवली.

वहिनीला मुलगी झाली, ठणठणीत. आता ती देगलूरला असते, तिची स्वतःची पोरं मोठी झाली. चांगली आहे. तरी तिचा फोन आला आणि ती सहज म्हणाली की आत्या, डोकं दुखतंय, तर मी फोन ठेवल्यावरही कितीतरी वेळ तिथंच बसून राहते.

प्रबंध झाला. आबांच्या माशांचं मी वेगळं प्रकरण केलं. सर म्हणत होते परिशिष्टात टाक, मी ऐकलं नाही. बांधून आलेली प्रत घरी नेली तेव्हा आबांनी ती दोन्ही हातांत धरून वजन बघितलं. "माझ्याबद्दल कुठं लिवलंय?" मी पान काढलं आणि इंग्रजीतलं वाक्य मराठीत सांगितलं: हे मासे नाल्याच्या मुखाजवळील डोहातून स्थानिक मच्छीमाराने हाताने पकडले.

आबा ऐकत होते. "ते 'हातानं' तेवढं काढता येईल का तिथून?"

"आबा, तेच तर महत्त्वाचं आहे. हातात आले म्हणजेच ते आजारी होते. वाचणाऱ्याला त्यावरूनच कळतं."

वर जाळ्याचे मणी वाजत होते.

"मंग राहू दे," ते म्हणाले. "पर त्याच्या म्होरं एक लिव. की हा माणूस आधी चांगल्या मरळीबी धरायचा. हातानंच."

प्रबंधात असलं वाक्य बसत नाही. आबांना मी तेव्हा "बघते" म्हणाले होते. म्हणून इथं लिहिते: ज्यांच्या अंगात पुरती ताकद होती अशा मरळी माझे वडील हातानं धरायचे, आणि त्या वेळी पाणी चांगलं होतं.